ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये अस्वलं बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळ्याचे बेत सुरू झाले, की मोन्टानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कबद्दल ठरावीक प्रश्न येतात. निम्मे लोक विचारतात, "अस्वल नक्की दिसेल ना?" आणि निम्मे विचारतात, "अस्वल समोर आलं तर?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच पथ्यात आहेत: आपल्यामुळे अस्वलाला त्याचं काम सोडावं लागता कामा नये. खालची उत्तरं सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी आहेत. रानात तंबू ठोकून राहायचं असेल तर त्याचे परवाने आणि नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

अस्वलं बघायला ग्लेशियरच का? यलोस्टोन का नको?

गाडीत बसून प्राणी बघायचे असतील तर यलोस्टोनला जा. लामार आणि हेडन या तिथल्या खोऱ्यांत रस्त्याच्या कडेला थांबून लांडगे, बायसन, अस्वलं सगळं बघता येतं. ग्लेशियर हा पायी फिरणाऱ्यांचा डोंगर आहे. १९१० साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या सुमारे ४,१०० चौरस किलोमीटरच्या मुलखात ११०० किलोमीटरहून जास्त पायवाटा आहेत. इथे अस्वलांच्या दोन जाती आहेत: ग्रिझली अंदाजे ३०० आणि ब्लॅक बेअर अंदाजे ६०० असावीत असं उद्यान सांगतं.

ही अस्वलं काही उद्यानाच्या नकाशात बांधलेली नाहीत. उत्तरेला कॅनडाचं वॉटरटन आहे. १९३२ साली ही दोन्ही उद्यानं मिळून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झाली. पूर्वेला ब्लॅकफीट या मूळ अमेरिकी लोकांचं राखीव क्षेत्र आहे आणि दक्षिणेला मैलोन् मैल सरकारी जंगल. अस्वल या सगळ्यात फिरतं. अलास्का सोडली तर अमेरिकेत ग्रिझली अगदी थोड्या कोपऱ्यांत उरली होती, म्हणून १९७५ साली तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. आज या डोंगरात समोरच्या उतारावर ती निवांत चरताना दिसते, ती त्यानंतरच्या पन्नास वर्षांच्या राखणीमुळे.

कोणत्या महिन्यात जावं?

वरच्या वाटा चालायच्या असतील तर जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. गोइंग-टू-द-सन रोड हा उद्यानातून डोंगर ओलांडणारा एकमेव रस्ता. तो पूर्ण उघडायला जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, कारण तोवर बर्फ काढण्याचंच काम चालू असतं.

अस्वलांचं वेळापत्रक त्यांच्या खाण्याप्रमाणे बदलतं. मे-जूनमध्ये ती खालच्या, आधी हिरव्या झालेल्या उतारांवर कोवळं गवत खातात आणि ग्लेशियर लिलीचे कंद उकरतात. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फाच्या मागोमाग वर सरकतात. काही ग्रिझली तर पार माथ्याजवळच्या दगडांच्या राशींपर्यंत पोचतात, कारण तिथे आर्मी कटवर्म नावाचे पतंग दिवसा दडून बसलेले असतात. एक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत पतंग फस्त करू शकतं. ऑगस्टपासून हकलबेरी पिकते आणि मग सगळं लक्ष बेरीच्या झुडपांवर. शीतनिद्रेपूर्वी चरबी साठवायची म्हणून सप्टेंबरात ती जवळजवळ दिवसभर खात असतात.

माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. गर्दी ओसरलेली असते, डास संपलेले असतात, झुडपं लाल झालेली असतात आणि त्या लाल उतारावर तपकिरी अस्वल उठून दिसतं. फक्त बर्फ कधीही पडू शकतो, तेव्हा हातमोजे आणि कानटोपी सोबत हवीच.

एका दिवसात होतील अशा कोणत्या वाटा आहेत?

उद्यानाच्या पूर्वेकडच्या मेनी ग्लेशियर खोऱ्यात मुक्काम किंवा निदान दोन दिवस ठेवा. अस्वलांसाठी माझ्या मते संपूर्ण उद्यानात याहून चांगली जागा नाही.

इथून आइसबर्ग लेकची वाट जाते. जाऊन-येऊन साधारण १५.५ किलोमीटर आणि चढ ३९० मीटरच्या आसपास. सुरुवातीचा तीव्र टप्पा संपला की वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. दोन्ही अंगांना उघडे उतार असतात आणि बेरी पिकल्यावर त्यांवर अस्वलांचा वावर नेहमीचा. शेवटी तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेलं तळं येतं, ज्यात जुलै-ऑगस्टमध्येही बर्फाचे तुकडे तरंगत असतात.

ग्रिनेल ग्लेशियरची वाट जास्त दमवणारी: जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर, चढ ५६० मीटर. वाटेत बिगहॉर्न या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या जवळजवळ नक्की दिसतात. हिमनदी डोळ्यांनी बघायची असेल तर हीच वाट घ्या आणि फार वर्षं पुढे ढकलू नका. १८५०च्या सुमारास या डोंगरांत आजच्याहून कितीतरी जास्त हिमनद्या होत्या. २०१५च्या मोजणीत हिमनदी म्हणावी इतक्या मोठ्या २६ उरल्या होत्या.

लोगन पास ही २,०२६ मीटरवरची खिंड. कळसूबाईच्या माथ्याहून पावणेचारशे मीटर उंच, आणि गाडी थेट तिथवर जाते. खिंडीतून हिडन लेक ओव्हरलुकपर्यंत जाऊन-येऊन ४.३ किलोमीटर चालणं आहे. माउंटन गोट बघायला याहून सोपी वाट नाही. रस्त्याच्या पलीकडून हायलाइन सुरू होते. ती लोगन पासहून ग्रॅनाइट पार्क शॅले या डोंगरातल्या विश्रामगृहामार्गे खाली द लूप या रस्त्याच्या वळणापर्यंत १९ किलोमीटर जाते. तिच्या सुरुवातीलाच कड्यात कोरलेला एक टप्पा आहे. भिंतीला धरायला केबल आहे, वाटही पुरेशी रुंद आहे, पण एका बाजूला खाली रस्त्यापर्यंत सरळ पोकळी. सह्याद्रीतली एखादी नळीची वाट केलेल्याला काही वाटणार नाही; दृष्टिभय असलेल्याने मात्र ओव्हरलुकची वाट धरावी.

वाटेवर चालताना अस्वल शोधायचं कसं? आम्ही गेलो होतो, काहीच दिसलं नाही.

बहुतेकांना अस्वल दिसत नाही, कारण ते चालतच राहतात आणि वाटेवरच बघत राहतात. अस्वल वाटेवर दिसावं अशी इच्छाही धरू नये. ते दिसायला हवं समोरच्या डोंगरावर, अर्धा-एक किलोमीटर लांब, आणि त्यासाठी दुर्बीण लागते. ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ (म्हणजे आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) ही मापं ठीक. पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण घरात पडून असेल तर तीच आणा.

पहाटे उजाडताना किंवा सूर्य कलल्यावर उघडा उतार दिसेल अशा जागी बसा. मेनी ग्लेशियर हॉटेलचा सज्जा, स्विफ्टकरंटचं पार्किंग, रस्त्याकडेच्या थांबायच्या जागा, सगळीकडून समोरचे अल्टिन आणि हेंकेल हे डोंगर दिसतात. आता त्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडा आणि एकेक पट्टा दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे सावकाश बघा. हिमप्रपाताने झाडं झोपवून मोकळ्या केलेल्या उभ्या चिरा आधी बघा, कारण तिथे गवत आणि झुडपं दाट असतात. मग बेरीची झुडपं, मग बर्फाच्या उरलेल्या पट्ट्यांच्या कडा. संशयास्पद तपकिरी ठिपका दिसला तर त्याच्या शेजारचा एखादा खडक ध्यानात ठेवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघा. दोघांमधलं अंतर बदललं असेल तर तो ठिपका दगड नाही.

एकदा सापडलं की दुर्बीण खाली ठेवावीशी वाटत नाही. उकरणारी ग्रिझली बघणं तर विलक्षण आहे. पुढचे दोन्ही पंजे रोवते, सगळा भार खांद्यांवर घेते आणि चटईएवढा गवताचा थर मुळांसकट मागे ओढते. मग नाक त्या ओल्या मातीत खुपसून एकेक कंद निवडून खाते. थोड्या वेळाने दोन पावलं पुढे सरकते आणि पुन्हा तेच. आजूबाजूला पिल्लं असतील तर ती आईने उकरलेल्या खड्ड्यात लोळत असतात. हे अर्धा तास निवांत बघायला मिळतं, आणि ते मिळतं केवळ आपण लांब असतो म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलात तर अशी उकरलेली जमीन जवळून दिसेल. मातीची ढेकळं अजून ओली असतील तर तिथे रेंगाळू नका.

ग्रिझली कोणती आणि ब्लॅक बेअर कोणतं?

रंगावर जाऊ नका. इथली ब्लॅक बेअर कित्येकदा तपकिरी किंवा दालचिनी रंगाची असतात आणि ग्रिझली जवळपास काळीही असू शकते. ग्रिझलीच्या खांद्यांवर मांसल उंचवटा असतो, उकरण्याच्या ताकदीचा तो स्नायू. चेहरा बाजूने बघितला तर मध्ये खोलगट, कान लहान आणि गोलसर. ब्लॅक बेअरचं कपाळ ते नाक रेष सरळ, कान उभे, आणि सर्वांत उंच भाग खांद्याऐवजी पाठीमागचा. चिखलात ठसा सापडला तर नखांच्या खुणा बघा: ग्रिझलीच्या नखांचे टोचे बोटांपासून बरेच पुढे उमटतात, ब्लॅक बेअरचे अगदी जवळ.

आवाज करत चाललो तर प्राणी पळून जातील ना?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

अस्वल माणसावर धावून जातं ते बहुतांश वेळा दचकल्यामुळे. वळणावर, ओढ्याच्या खळखळाटात, दाट झुडपांत, वारा तुमच्याकडे वाहत असताना तुम्ही अचानक एखाद्या मादीपासून वीस पावलांवर उगवता आणि तिच्यामागे पिल्लं असतात. तुमचा आवाज तिला मिनिटभर आधी मिळाला असता, तर ती पिल्लांना घेऊन बाजूला झाली असती आणि तुम्हाला कळलंही नसतं. वाटेवरचा आवाज हा तिला दिलेला निरोप आहे. लांबच्या उतारावर चरणाऱ्या अस्वलाला तुमच्या बोलण्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे बघण्याची संधी आवाजाने हुकत नाही.

आवाज माणसाचा हवा. बुटाला बांधायच्या घंटा दुकानात मिळतात, पण त्यांचा आवाज फार लांब जात नाही. मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा, वळणाआधी हाळी द्या. गडावर चढताना मागच्याला देतो तशी खणखणीत "ओ..." सर्वांत उत्तम. गाणी म्हणा, लहान मुलांना पाढे म्हणायला लावा. मोबाइलवर गाणी लावून स्पीकर मात्र नको. इतर चालणाऱ्यांना त्रास होतो आणि तुमचं लक्षही राहत नाही. उघड्या माळावर, जिथे सगळीकडे लांबवर दिसतं, तिथे गप्प चाललात तरी चालतं.

याच कारणासाठी या वाटांवर धावू नका. २०१६ साली उद्यानाच्या हद्दीलगतच्या जंगलात सायकलवरून वेगाने जाणारा एक माणूस वळणावर ग्रिझलीवर आदळला आणि तिच्या हल्ल्यात मरण पावला. वेग आणि शांतता एकत्र आली, की अस्वलाला विचार करायला वेळच उरत नाही.

किती अंतर ठेवायचं?

अस्वल आणि लांडग्यापासून निदान ९१ मीटर, बाकी सर्व प्राण्यांपासून निदान २३ मीटर. हा नियम आहे, मोडल्यास दंड होतो. पण मीटर मोजत बसण्यापेक्षा प्राण्याकडे बघा. चरता चरता मान वर करून तुमच्याकडे टक लावली, कान हलवले, जांभई दिली, चालण्याची दिशा बदलली, तर तुम्ही जास्त जवळ आहात, मग अंतर काही का असेना. मागे व्हा. अस्वलच वाटेने तुमच्याकडे येत असेल तर वाट त्याला द्या.

बेअर स्प्रे घ्यायलाच हवा का? भारतातून किंवा विमानातून नेता येतो का?

घ्यायलाच हवा, आणि गटात प्रत्येक मोठ्या माणसाकडे वेगळा. विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. कॅलिस्पेल या उद्यानाजवळच्या विमानतळाच्या शहरात उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या.

हा मिरचीतल्या कॅप्सेसिनचा दाट ढग असतो आणि तो अस्वलाच्या तोंडासमोर सोडायचा असतो. ओडोमॉससारखा अंगाला, कपड्यांना किंवा बॅगेला लावायचा नाही. सांडलेल्या फवाऱ्याच्या वासाने अस्वलं उलट कुतूहलाने जवळ येतात. डबा कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीच्या पट्ट्याला अडकवा. सॅकमध्ये ठेवलेला स्प्रे नसल्यात जमा. सुरक्षा-क्लिप अंगठ्याने काढायची सवय गाडीपाशीच करून घ्या, फक्त फवारू नका, कारण अख्खा डबा काही सेकंदांत रिकामा होतो. अस्वल धावून येत असेल आणि साधारण दहा-पंधरा मीटरवर आलं असेल तेव्हा, किंचित खाली रोखून, त्याच्या आणि तुमच्या मध्ये ढगाची भिंत उभी राहील असा सोडा. उन्हात तापलेल्या गाडीत डबा ठेवू नका, फुटतो. तारीख उलटून गेलेला घेऊ नका.

भरवसा किती? अलास्कातल्या प्रत्यक्ष घटनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. जवळून आलेल्या अस्वलावर स्प्रे वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजाही झाली नव्हती.

एवढं करूनही अस्वल समोर आलं तर?

पळू नका. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावते, तिच्याशी शर्यत नाही, आणि पळणारी गोष्ट पाठलागाला उद्युक्त करते. थांबा, सगळे एकत्र या, मुलांना मध्ये घ्या, स्प्रे हातात घ्या. हळू, खालच्या पट्टीत बोलत राहा आणि तिरकं तिरकं मागे सरका. झाडावर चढण्याचा विचार सोडा. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते बहुधा नीट बघायला आणि हुंगायला उभं असतं. धावत येऊन काही पावलांवर थबकणं, जमिनीवर पंजे आपटणं, जबडा वाजवणं हे इशारे आहेत. अशा वेळी जागेवर टिकून राहणं अवघड असतं, पण करायचं तेच असतं.

अंगावरच आलं तर पुढचं ते कोणतं अस्वल आहे त्यावर अवलंबून. दचकलेली ग्रिझली झडप घालते तेव्हा पोटावर पालथे पडा, बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी चेहरा झाका, पाय फाकवा म्हणजे उलथवता येणार नाही, आणि सॅक पाठीवरच राहू द्या. धोका टळला असं तिला वाटलं की ती सोडून जाते. ती खरंच गेली याची खात्री होईपर्यंत हलू नका. ब्लॅक बेअरने हल्ला केला, किंवा कुठलंही अस्वल दचकलेलं नसताना शांतपणे मागोमाग येत राहिलं आणि मग तुटून पडलं, तर मेल्याचं सोंग चालत नाही. दगड, काठी, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारत लढायचं.

आम्ही चंद्रपूरकडचे. आमच्याकडच्या अस्वलाचे किस्से ऐकून आईला फारच भीती वाटते.

त्यांची भीती रास्त आहे, पण प्राणी वेगळा आहे. विदर्भातलं अस्वल वारुळं फोडून वाळवी खातं, मोहफुलं वेचतं. खाण्यात गुंग असताना त्याला माणसाची चाहूल उशिरा लागते, आणि वाघांच्या शेजारात राहणारा हा प्राणी दचकला की मागे वळण्याऐवजी बऱ्याचदा थेट अंगावर येतो. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या बायामाणसांना याचा फटका बसतो. ग्रिझली आकाराने खूप मोठी असली तरी माणसाचा आवाज आधी मिळाला तर बहुतेक वेळा स्वतःहून वाट सोडते. विदर्भातल्या गावकऱ्यांची बोलत, खाकरत, जमावाने जंगलात जायची पद्धत इथेही तशीच लागू पडते, हे आईंना जरूर सांगा.

डब्यात काय न्यावं? थालीपीठ, लोणचं चालेल का?

चालेल. वासाचं खाणं नेण्यावर बंदी नाही. ते मागे सोडण्यावर आणि लक्ष न देता ठेवण्यावर आहे. दशम्या, थालीपीठ, चिवडा, लाडू, जे आवडेल ते घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. लोणच्याचं तेल सॅकमध्ये सांडू देऊ नका. सॅक वाटेवर ठेवून फोटो काढायला लांब जाऊ नका. केळ्याची साल, संत्र्याची बी, सांडलेले शेंगदाणे, सगळं वेचून परत आणा. "मातीत मिसळून जाईल" हा विचार इथे घातक आहे.

का, ते या डोंगराच्या इतिहासात आहे. उद्यान झाल्यापासून १९६७ पर्यंत इथे अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नव्हती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, एकाच रात्री, कित्येक किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा जीव घेतला. ग्रॅनाइट पार्क शॅलेपाशी तेव्हा रोज संध्याकाळी खरकटं टाकलं जायचं आणि पाहुणे ते खायला येणारी अस्वलं बघत बसायचे. दुसऱ्या ठिकाणी, ट्राउट लेकपाशी, एक अस्वल उन्हाळाभर लोकांच्या खाण्यामागे लागलेलं होतं. त्यानंतर अमेरिकेतल्या उद्यानांनी कचरा, खाणं आणि मुक्कामाच्या जागा यांचे नियम मुळापासून बदलले. आजही माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी बहुधा मारावं लागतं. म्हणून एका लाडवाच्या बाबतीतही मी ढिलाई करत नाही आणि बरोबरच्यांनाही करू देत नाही.

अस्वलांखेरीज काय काय दिसतं?

लोगन पासवर माउंटन गोट: पांढरीशुभ्र, कड्यावर सहज चालणारी. तिला मिठाची इतकी ओढ असते, की माणसांनी लघवी केलेले दगड चाटायला ती वाटेवर येते. म्हणून स्वच्छतागृह असेल तिथे तेच वापरा, आणि नाइलाज झाला तर वाटेपासून दूर, उघड्या खडकावर जा म्हणजे ती झुडपं उकरणार नाही. २०१६ पासून काही काळ लोगन पासच्या पार्किंगमधून गोट आणि मेंढ्यांना हुसकायला ग्रेसी नावाची प्रशिक्षित बॉर्डर कोली कुत्री कामावर होती.

दगडांच्या राशींत शिट्टी ऐकू आली तर तो होरी मार्मोट. वर्षातले सात-आठ महिने झोपून काढणारा गुबगुबीत प्राणी. बारीक "ईप" असा आवाज आला तर पिका शोधा. मुठीत मावेल एवढा हा प्राणी हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून उन्हाळाभर गवत तोडून, वाळवून दगडांखाली साठवतो. तोंडात फुलांचा गुच्छ धरून धावणारा पिका बघायला मिळाला तर दिवस सार्थकी लागला समजा.

मूस हे घोड्याएवढं मोठं हरीण बघायला मेनी ग्लेशियरजवळचं फिशरकॅप लेक. पार्किंगपासून चालत दहा मिनिटं. मूस शांत दिसते, पण कान मागे पडले आणि मानेवरचे केस उभे राहिले की तत्काळ झाडाआड व्हा. लांडगे या भागातून नाहीसे झाले होते. ते कॅनडातून स्वतःच्या पायांनी परतले आणि १९८६ साली उद्यानात त्यांची पहिली वीण झाली. ते दिसणं मात्र दुर्मीळ.

लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-वडील यांना झेपेल का?

नीट वाट निवडली तर छान झेपेल. आई-बाबांसाठी फिशरकॅप लेक आणि त्याच खोऱ्यातली रेडरॉक फॉल्सची वाट, जाऊन-येऊन सहा किलोमीटरच्या आत आणि जवळजवळ सपाट. गुडघे बरे असतील तर हिडन लेक ओव्हरलुक. पण तिथे जुलैतही बर्फावरून चालावं लागतं, तेव्हा काठी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेत, चप्पल-सँडल नको. मुलांना पुढे पळू देऊ नका, हा एकच नियम सगळ्यांत महत्त्वाचा. पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मध्ये मुलं.

खरा धोका कशाचा?

पाण्याचा. ग्लेशियरमध्ये माणसं मरण पावतात त्यामागे अस्वलांपेक्षा बुडणं आणि पडणं ही कारणं कितीतरी मोठी आहेत. बर्फ वितळून आलेलं पाणी भयंकर थंड आणि वेगवान असतं, आणि काठचे खडक शेवाळाने गुळगुळीत. फोटोसाठी मॅकडोनाल्ड क्रीक या ओढ्याच्या खडकांवर उतरू नका. उन्हाळ्यात उतारावर राहिलेला बर्फाचा पट्टा ओलांडणं हाही सह्याद्रीत न येणारा प्रसंग; पाय सुटला तर खाली दगडांपर्यंत घसरगुंडी. आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) वापरता येत नसेल तर परत फिरा. दुपारी वीज कडाडू लागली तर खिंडी आणि माथे सोडून खाली या.

प्रवेश, पार्किंग, नेटवर्क यांचं काय?

लोगन पासचं पार्किंग उन्हाळ्यात उजाडतानाच भरतं; पहाटे निघा किंवा शटल (उद्यानाची बस) घ्या. गाड्यांचे नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे जाण्यापूर्वी उद्यानाचं अधिकृत संकेतस्थळ बघाच. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांना ग्लेशियरसह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. आई-वडील येणार असतील तर हा खर्च आधीच धरा. फोन बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून नकाशा उतरवून घ्या आणि कुठल्या वाटेने जाताय ते मुक्कामी कुणाला तरी सांगून जा. कुत्रा पायवाटांवर चालत नाही. ड्रोन पूर्ण बंद.

पूर्वेकडचे डोंगर ब्लॅकफीट लोकांना पवित्र आहेत आणि उद्यानाचा हा अर्धा भाग १८९५च्या करारापर्यंत त्यांच्याच राखीव क्षेत्रात होता. उद्यानाबाहेर त्यांच्या जमिनीवर चालायचं असेल तर त्यांचा वेगळा परवाना लागतो. तो घ्या.

अस्वल दिसलं तर रेंजरला (उद्यानाच्या वनरक्षकाला) सांगायचं का?

वाटेजवळ दिसलं तर त्याच दिवशी सांगा. जवळच्या रेंजर स्टेशनवर छोटा अर्ज भरून घेतात. वेळ, वाटेवरची नेमकी जागा, कोणतं अस्वल, पिल्लं होती का आणि किती, तुम्हाला बघून त्याने काय केलं, एवढं लक्षात ठेवा. मेलेल्या जनावराचा वास आला किंवा डोमकावळे एका जागी घिरट्या घालताना दिसले तर तिथे बघायला जाऊ नका, मागे फिरा आणि तेही कळवा. शिकारीवर बसलेली ग्रिझली ती सोडत नाही. अशा माहितीवरूनच वाट काही दिवस बंद केली जाते. तुमची ठरलेली वाट अशी बंद मिळाली तर पाटी ओलांडू नका. रेंजरला विचारा, त्याच खोऱ्यातली दुसरी वाट ते सांगतात, आणि बंद वाटेचा उतार पुष्कळदा खालच्या रस्त्यावरून दुर्बिणीने दिसतो.